मोहन कधी घालायचं?

गेल्या दिवाळीत आमच्या महिला मंडळाने फराळाची छोटी पुस्तिका काढली. कृती पाठवणाऱ्या बारा जणी, तपासणारी मी एकटी. चकलीच्या कृतीत एक वाक्य माझ्या नजरेतून सुटलं: 'भाजणीत तिखट, मीठ, तीळ घाला, मोहन कडकडीत तापवलेले असावे, मग गरम पाण्यात पीठ भिजवायचे.'

धनत्रयोदशीला शेजारच्या सुनेचा फोन. "काकू, पीठ मळून झालंय. मोहन कधी घालायचं होतं?"

चूक तिची नव्हती. 'घाला' ही कृती, 'भिजवायचे' हीसुद्धा कृती. मधलं 'असावे' मात्र नुसतं वर्णन. तिने तेल तापवून ठेवलं आणि पुढच्या पायरीकडे वळली. ओतायला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरं तर एवढंच हवं होतं: 'भाजणीत तिखट, मीठ, तीळ घाला. तेल कडकडीत तापवून वर ओता. चमच्याने कालवा. मग गरम पाण्यात भिजवा.' घाला, ओता, कालवा, भिजवा. आई तोंडी सांगायची तेव्हा 'धुवायचं, वाळवायचं, भाजायचं' असं एका दमात यायचं. घडी मोडते ती तीन वह्यांमधून उतरवून घेताना.

शाळेत 23 वर्षं मराठी शिकवलं. संविधानाची उद्देशिका मुलं रोज म्हणायची. एवढं लांब वाक्य सातवीच्या मुलांना पेलतं कसं, हे एकदा फळ्यावर मांडलं तेव्हा कळलं. गणराज्य 'घडविण्याचा', न्याय, स्वातंत्र्य, समानता 'प्राप्त करून देण्याचा', बंधुता 'प्रवर्धित करण्याचा'. तिन्ही 'ण्याचा' एकाच 'निर्धार' या शब्दाला धरून उभे आहेत. त्यातल्या एकाच्या जागी 'घडवावे' घालून मोठ्याने वाचा, जीभ तिथेच अडते.

पण मराठीची एक सवय मी कधी खोडत नाही. वर मीच लिहिलंय, 'तिने तेल तापवून ठेवलं आणि पुढच्या पायरीकडे वळली'. 'तिने' आणि 'वळली' यांचा मेळ बसत नाही. कर्मणी प्रयोगातून वाक्य कर्तरीत गेलं आणि मधली 'ती' गळाली. आपण सगळे असंच बोलतो, ऐकणारा अडखळत नाही. तिथे लाल पेन कशाला?

यंदाचे कागद कालच आले. शेवेच्या कृतीत 'घ्यावे', 'घाला' आणि 'तळायची' एकाच ओळीत आहेत. आज दुपारी तीच ओळ घेऊन बसणार आहे.