गळ, गाळ आणि गाळी

मिरग निघून आठ दिवस झाले होते आणि पावसाचा पत्ता नव्हता. नुसता वारा. बेळगावच्या माणसाला हा वारा वेगळा सांगायला नको. गच्चीवरचा टॉवेल शेजाऱ्याच्या आंब्यात सापडतो आणि दारं आपटून आपटून कड्या सैल होतात. अशात जॉर्जियाहून (अमेरिकेतल्या) आलेल्या भाच्यानं बॅगेतून एक निळी गुंडाळी काढली, पायपंपानं फुगवली आणि अंगणात दहा फुटांची होडी तयार झाली. तिला कयाक म्हणायचं. आमच्या आईनं चष्मा वर करून बघितलं.

"एवढ्या लांबनं आणलंस काय, तर वारं भरायची पिशवी! वारं हितं कमी हाय काय रे?"

भाचा तिकडं कयाकमधून बास नावाचा मासा धरतो. लार्जमाउथ बास, म्हणजे नावातच मोठ्या तोंडाचा. जबडा डोळ्याच्याही मागं जातो. हिरवट अंग, कुशीला काळा पट्टा, आणि समोर हललं ते गिळायची तयारी. या माशाचा विक्रम त्याच्याच राज्यातला, 2 जून 1932 चा. जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकरी पोरानं 22 पौंड 4 औंसांचा बास धरला, म्हणजे आपल्या हिशेबानं दहा किलो. पावसानं रान ओलं, औत चालेना, म्हणून गडी मासे धरायला गेला होता असं सांगतात, आणि घरच्यांनी तो विक्रम शिजवून खाल्ला. या एका गोष्टीमुळं मला तो पेरी एकदम आपला वाटायला लागला. पुढं 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात एकानं त्याची बरोबरी केली. तिथं हा मासा बाहेरून आणून सोडलेला. तो आता तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर उठलाय.

आपल्याकडं बास नाही. पण मरळ आहे, आणि स्वभावानं दोघं मावसभाऊ म्हणावेत. मरळसुद्धा पाणगवतात दबा धरून बसते. बेडूक हलला की संपला. शिवाय तिला हवेतला श्वास लागतो, त्यामुळं मधूनच वर येऊन 'गुळुक' करून जाते. पिल्लं लहान असताना तांबड्या ठिपक्यांचा घोळका पाण्यावर फिरतो आणि खाली आईबाप राखण करतात. बासचा नरही घरटं असंच राखतो. नेमकं तेव्हाच गळ टाकणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. पण मी शहाणपण शिकवायला गेलो नव्हतो.

वेंगुर्ला रोडनं तुरमुरी, बाची करत निघालो आणि शिनोळीच्या अलीकडं एका तलावावर होडी उतरवली. शिनोळी लागली की महाराष्ट्र. म्हणजे वारा चंदगडकडनं निघतो आणि कुणाला न विचारता हद्द ओलांडून कर्नाटकातल्या पाण्यावर लाटा काढतो. पश्चिमेचा काठ शांत, पूर्वेच्या बांधावर फेस.

काठावर मेंढरं घेऊन एक कन्नड मेंढपाळ उभा होता. आमची तयारी बघून म्हणाला, "गाळी भाळ ऐत्री, गाळ हाकब्याड्री."

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, वारा फार आहे, गळ टाकू नका म्हणतोय. कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा आणि गाळ म्हणजे गळ. "मग आपला गाळ?" तो खाली असतो, म्हटलं. तळाला.

लाइफ जॅकेट घालून मी पुढं बसलो, भाचा मागं. फुगवलेली होडी पाण्यात रुतत नाही, वरच्या वर तरंगते, त्यामुळं पाण्यापेक्षा वाऱ्याचंच जास्त ऐकते. वल्हं थांबवून गळ घ्यायला हात लावला की होडी आडवी. आडवी झाली की सगळी कूस वाऱ्याला. पुन्हा वल्हं. म्हणजे हात दोन आणि कामं तीन. भाच्याचा घडीचा नांगर विमानातल्या वजनापायी जॉर्जियातच राहिला होता. खताच्या पोत्यात दगड घालून आणला होता, तो मी होडीच्या कडेला, माझ्या हाताशी बांधायला गेलो तर भाचा ओरडला, "मामा, बाजूला नको! टोकाला बांध." होडी बाजूनं अडकली की वारा तिला तिरपी करतो आणि लाट आत येते. नाकाला किंवा शेपटीलाच बांधायचं. बांधलं. पोतं तळावरून घसरत आमच्या मागं मागं येत राहिलं, मेंढरागत.

फेकलेलं तंगूस, म्हणजे गळाची दोरी, हवेतच कमानीसारखं फुगायचं आणि गळाला आमिष म्हणून लावलेला रबरी बेडूक भलतीकडंच पडायचा. तंगूस ढिलं असलं की मासा लागला तरी हाताला कळत नाही. मग एकदा कळलं! हिसका बसला, मी ओढलं, भाचा "सोड थोडं, सोड!" म्हणाला, आणि लक्षात आलं की पलीकडनं कोणी ओढतच नाहीये. गाळीनं गाळ नेऊन गाळात रुतवला होता. हे वाक्य पुण्याच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं कळेल.

बांधाशी एकजण म्हैस धूत होता. आमची वरात तिसऱ्यांदा समोरून गेली तेव्हा त्यानं हातातली बादली दाखवली. "पावणं, ही सोडा मागं. दावं हाय तिला."

बादली मागं सोडली, तिनं तोंड भरून पाणी धरलं, आणि होडीचा पळ खरंच मोडला. भाचा हसायला लागला. तिकडं याच कामाला कापडी पिशवी मिळते, डॉलर मोजून.

पण खरी गंमत बांधावर होती. दोन पोरं बांबूची काठी आणि गांडुळं घेऊन, वारा तोंडावर घेत बसली होती आणि एकामागून एक चिलापी काढत होती. वारा वरचं पाणी त्या काठाला लोटतो, पाण्यातलं बारीकसारीक त्याच्याबरोबर जातं, त्यामागं लहान मासे, त्यांच्यामागं मोठे. वर लाटांनी उजेड फुटतो, त्यामुळं काठावरचं माणूसही त्यांना धड दिसत नाही. भाच्याला हे सगळं ठाऊक होतं. फक्त तो तिथं होडीनं पोचायला निघाला होता, आणि पोरं सायकलवरनं आली होती.

होडी वर ओढली. म्हैसवाला बादली घ्यायला आला आणि कयाकभोवती फिरला. बोटानं दाबून बघितली. दर पुराला गुळाच्या काहिलीत बसून ओढा ओलांडायची सवय असलेला माणूस तो.

"किती वजन पेलतीया?"

"चारशे पौंड," भाचा म्हणाला. मी हिशेब केला, एकशे ऐंशी किलो.

"म्हंजे वैरणीचं सा भारं." त्यानं पश्चिमेकडं बघितलं. "वारं पडलं की एकदा घालून बघू?"