गुरुवारला जोडून बुधवार

भोसरी एमआयडीसीत 2009 साली भाड्याच्या गाळ्यात, दोन जुन्या लेथवर आम्ही जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग कातून देण्याचं काम, सुरू केलं. आज सहा सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन आहेत, 22 माणसं आहेत. मधली वर्षं हप्ते भरण्यात आणि पार्टीच्या पेमेंटची वाट बघण्यात गेली. मला सांगायचंय ते गेल्या तीन वर्षांतलं: आठवड्याला दुसरी सुट्टी कशी दिली ते.

कारखाना कायद्यात आठवड्याचे 48 तास. आमच्याकडे ओव्हरटाइम धरून 58-60 भरायचे. कायद्याप्रमाणे दुप्पट दराने पैसे देत होतो, म्हणून मनाला टोचत नव्हतं. एका संध्याकाळी, कामाच्या अकराव्या तासाला, आमच्या सगळ्यात जाणत्या ऑपरेटरचं बोट चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या पकडीत, सापडलं. बोट वाचलं, पण आता ते वाकत नाही. त्यानंतर मी वर्षभराची रिजेक्शनची, म्हणजे नापास झालेल्या जॉबची, वही काढून बसलो. निम्म्याहून जास्त खराब जॉब संध्याकाळी सहानंतरचे होते. हे आकडे माझ्याच वहीत होते आणि मी ते कधी वाचले नव्हते, याची मला फार लाज वाटली.

पाच दिवसांचा आठवडा करूया म्हटलं, तर पहिला विरोध कामगारांचाच. "साहेब, ओव्हरटाइम गेला तर पोरांची फी कुठून भरायची?" त्यांचं बरोबर होतं. मूळ पगार न वाढवता तास कमी करणं म्हणजे त्यांच्याच खिशात हात घालणं. पण पगारवाढीचे पैसे आणायचे कुठून?

ते सेटिंगमध्ये सापडले. एक जॉब उतरवून दुसरा लावेपर्यंत आमचं मशीन अडीच-अडीच तास बंद असायचं. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची पद्धत सरळ आहे: जे काम मशीन चालू असताना करता येतं, ते मशीन थांबवून करायचं नाही. पुढचं फिक्स्चर, टूल, इन्सर्ट, गेज सगळं आधीच ट्रॉलीवर तयार. आठ महिने घासल्यावर सेटिंग 50 मिनिटांवर आलं. मग मूळ पगार वाढवला आणि ओव्हरटाइम बंद केला.

आता पाच दिवस, नऊ-नऊ तास. भोसरीतल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारची. निम्म्या लोकांना बुधवार-गुरुवार, निम्म्यांना गुरुवार-शुक्रवार. सलग दोन दिवस मिळाले, की लातूरचा मुलगा रात्रीच्या गाडीने गावी जाऊन आईला भेटून येतो.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मान्यता दिली. आठवड्याचे तास तेच ठेवून चार दिवसांत काम संपवा, असं आता बरेच जण सुचवतात. संगणकावरच्या कामाला ते जमत असेल. मशीनपुढे बारा तास उभं राहणाऱ्याला मी ते सांगणार नाही. अकराव्या तासाला काय होतं ते मी पाहिलंय. गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळायला नारायण मेघाजी लोखंडे यांना 1890 पर्यंत झगडावं लागलं. दुसरी सुट्टी रोजचा दिवस ताणून द्यायची, हे मला पटत नाही.

रात्रपाळीला मात्र हे अजून लागू झालेलं नाही. तिथे तीनच माणसं आहेत, त्यातला सेटर, म्हणजे सेटिंग करणारा, एकच. दुसरा मुलगा सेटिंग शिकतोय. तो एकट्याने मशीन लावू लागला, की रात्रपाळीलाही दुसरी सुट्टी देणार आहे.