मटार आणि सुरवंट

जानेवारीत मटार स्वस्त झाले की घरोघरी शेंगा सोलायचा कार्यक्रम निघतो. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडे करून ताटात एकेरी पसरायचे आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये. दाणे खडखडीत झाले की पिशवीत. ताटाचा कंटाळा करून ओले मटार पिशवीत कोंबले, तर गठ्ठा होतो, मधले दाणे सावकाश गोठतात, बर्फाचे खडे मोठे होतात आणि पेशी फुटतात. उसळीत मग दाण्याऐवजी लगदा.

फ्रीझरमध्ये उणे १८ अंश. कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर राहणाऱ्या एका केसाळ तपकिरी सुरवंटाला ही थंडी म्हणजे काहीच नाही. गायनीफोरा ग्रोएनलँडिका हे त्याचं नाव. उणे ६० अंशांतही तो मरत नाही. आणि गंमत म्हणजे तो गोठणं टाळत नाही, आरपार गोठतो. फक्त बर्फ कुठे व्हावा हे त्याचं ठरलेलं. बर्फ पेशींच्या बाहेरच्या पाण्यात धरतो, हळूहळू आतलं पाणी बाहेर ओढतो. पेशी आकसते, पण आत काटा शिरत नाही. उरल्यासुरल्या पाण्यात ग्लिसरॉल असतं, आपल्या सर्दीच्या औषधाला गोडसर दाटपणा देतं तेच. म्हणजे मटाराला घाई हवी, सुरवंटाला सावकाशी.

बर्फ वितळला की जून हा त्याचा कामाचा महिना. त्यातही साठ टक्के वेळ तो नुसता ऊन खात पडलेला, उन्हाकडे अंग आडवं करून. आळस नव्हे: अंग तापल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. खाणं म्हणजे आर्क्टिक विलो, आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या गोतातलं, पण जेमतेम वीतभर उंचीचं. जून संपता संपता, चांगली ऊब असतानाच, खाणं बंद. पानं तोवर निबर होतात, तुरट टॅनिन वाढतं. शिवाय याच्या अंगात पिल्लं वाढवणाऱ्या माश्या आणि गांधीलमाशीच्या जातीचे कीटक फिरू लागतात. थंडीपेक्षा जास्त सुरवंट हेच मारतात. मग दगडाखाली रेशमी आडोसा विणायचा आणि आत पडून राहायचं. पेशींतली ऊर्जेची यंत्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, तोवर मोडीत काढली जातात. वसंतात नवी बांधायची.

एकदा वितळलेले मटार पुन्हा गोठवू नयेत म्हणतात ते खरंच आहे. हा मात्र दर हिवाळ्यात गोठतो आणि दर उन्हाळ्यात वितळतो. अंड्यापासून पतंगापर्यंत सुमारे सात वर्षं. पूर्वी चौदा धरायचे, ते चुकीचं निघालं. शेवटच्या उन्हाळ्यात कोश, पतंग, मीलन, अंडी, सगळं काही आठवड्यांत. पतंग काही खात नाही. मादी बहुधा लांब जातही नाही. ज्या कोशातून बाहेर आली त्याच्यावरच अंडी घालते.