तुम्ही विचारलंत म्हणून : पुस्तकं बघायला एवढ्या लांब कशाला?

‘‘सर, सगळं नेटवर मिळतंय की ओ, मग धारवाड, कोल्हापूर, मुंबई असं कशाला फिरतासा?’’ खानापूरकडच्या गावांत वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे, फोटो काढताना कुणी ना कुणी हे विचारतंच. विचारणारा बहुधा तरुण असतो. देवळामागच्या झिजलेल्या दगडावर काय लिहिलंय ते त्याला मनापासून हवं असतं. म्हणून संग्रहालयांच्या ग्रंथालयांत जाऊन पुस्तकं का बघतो, याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

पुष्कळ काही नेटवर मिळतं, हे खरंच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथमालेचा, बेळगावचा खंड, म्हणजे १८८४ साली निघालेला एकविसावा, घरबसल्या उतरवून घेता येतो. शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’चे जुने खंड मिळतात. जेम्स बर्जेसचा १८७४ चा अहवालही मिळतो. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा तो पहिलाच अहवाल आणि तो बेळगाव व कलादगी (आजचं विजापूर-बागलकोट) या दोन जिल्ह्यांचा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. हे सगळं जरूर उतरवून घ्या. पण तुमच्या गावचा दगड त्यात नेमका कुठे आहे, हे शोधायला बसलात की अडतं. शोधाच्या चौकटीत आजचं नाव टाकलं तर काही येत नाही, कारण पुस्तकात हलशी ‘पलाशिका’ असते, सौंदत्ती ‘सुगंधवर्ती’ असते आणि खुद्द बेळगाव ‘वेणुग्राम’ असतं.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचंच, म्हणजे जैन मंदिराचंच, घ्या. बेळगावात वाढलेल्या प्रत्येकाने शाळेच्या सहलीत ती पाहिलेली असते. छतातलं दगडी कमळ बघून मान दुखेपर्यंत वर पाहिलेलं असतं. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्याने १२०४ मध्ये हे जिनालय बांधलं, एवढं फलकावरून कळतं. पण हे कशावरून कळलं, असं विचारलं की बहुतेकजण थांबतात. ते कळलं बेळगावच्या दोन शिलालेखांवरून, आणि त्या शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एल. डी. बार्नेट यांनी त्यांचं वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तेराव्या खंडात छापलं. मजकूर जुन्या कन्नडमध्ये आहे, पण तो रोमन अक्षरांत उतरवलेला आणि इंग्रजी भाषांतरासह असल्यामुळे आपल्यासारख्या मराठी माणसालाही त्यातून वाट काढता येते.

त्यात केवळ राजाची स्तुती नाही. कुंडी ३००० हा प्रदेश येतो, आकडा त्याच्या नावाचाच भाग. त्या काळच्या बेळगावच्या बाजारपेठेतले व्यापाऱ्यांचे गट येतात, आणि त्यांत लाट म्हणजे दक्षिण गुजरातचे व मलयाळ देशाचे व्यापारीही आहेत. या सगळ्यांनी मिळून बस्तीसाठी आपापल्या मालावर काही देणं लावून घेतलं. आठशे वर्षांपूर्वी आपल्या पेठेत कोण कोण दुकान मांडून होतं ते एका जैन मंदिराच्या दानलेखातून समजतं. मला तरी हे राजाच्या नावापेक्षा मोलाचं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. हा लेख मला पीडीएफमध्येही वाचता आला असता. पण एखाद्या संग्रहालयाच्या संदर्भ ग्रंथालयात तेरावा खंड ज्या कपाटात असतो, त्याच कपाटात पुढचे-मागचे खंड असतात, शेजारी ‘इंडियन अँटिक्वेरी’ ही जुनी संशोधनपत्रिका असते, खालच्या फळीवर हेन्री कझिन्सचं कन्नड जिल्ह्यांतल्या चालुक्य वास्तूंवरचं १९२६ चं जाडजूड पुस्तक असतं. एकाने काय पाहिलं, पन्नास वर्षांनी दुसऱ्याने त्याच जागी काय पाहिलं, मधल्या काळात काय पडलं, काय हललं, काय नव्याने रंगवलं, हे चार पुस्तकं एकाच टेबलावर उघडी ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही. जुन्या वास्तूचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात अशा साक्षींचा इतिहास असतो. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, आणि पाहिलं की नुसतं ऐकलं, हे तीन प्रश्न मी प्रत्येक पुस्तकाला विचारतो.

संग्रहालयाचं म्हणून जे ग्रंथालय असतं, त्याची गोष्ट सार्वजनिक वाचनालयाहून वेगळी. तिथून पुस्तक घरी मिळत नाही. बसून वाचायचं, टिपणं काढायची आणि परत द्यायचं. पण वाचून झालं की खाली दालनात जाऊन तीच वस्तू बघता येते, हे सुख दुसरीकडे कुठे आहे? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ऐहोळेच्या देवळाच्या छतातल्या कोरीव शिळा आहेत. बर्जेसच्या त्याच पहिल्या मोहिमेत ऐहोळे होतं. कझिन्सचं पुस्तक चाळून मग त्या शिळांसमोर उभं राहिलं की चित्रात न दिसलेलं दिसू लागतं : छिन्नीची खोली, तुटलेल्या कडा, छताला असताना त्या खालून कशा दिसत असतील त्याचा अंदाज. मग पुन्हा वर येऊन पुस्तक उघडावंसं वाटतं, आणि दुसऱ्यांदा वाचलेलं पान पहिल्यापेक्षा जास्त कळतं.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला तर हे फिरणं चुकतच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईकडे होता, त्यामुळे त्याआधीचे अहवाल, सर्वेक्षणं, गॅझेटियर हे सगळं मुंबई-पुण्याच्या बाजूला साठलेलं. त्याच वेळी धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेने आपल्या भागातले लेख गोळा करून छापले. ‘साऊथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’ या शिलालेखांच्या मालेचे मुंबई-कर्नाटकाचे, म्हणजे मुंबईकडे असलेल्या कन्नड जिल्ह्यांचे, खंड निघाले. मराठ्यांच्या काळातली मोडी कागदपत्रं शोधायची तर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळाचा उंबरा झिजवावा लागतो. मंडळ १९१० सालचं, राजवाड्यांनी उभं केलेलं.

त्यात भर संस्थानांची. बेळगावच्या अंगाला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. म्हणजे खडेबाजारातून चालत दहा मिनिटांत जिथे पोचतो, तिथलं जुनं काही शोधायचं तर सुरुवात सांगलीच्या बाजूने करावी लागते. चंदगडचं नेमकं उलटं. आज तो तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण १९५६ आधी बेळगावात. चंदगडचा एखादा मुलगा कोल्हापूरच्या खंडात आपलं गाव शोधून निराश होतो, तेव्हा मी त्याला बेळगावचा खंड उघडायला लावतो. आधी आपलं गाव कोणत्या साली कुणाकडे होतं हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. अर्धा शोध तिथेच लागतो.

ज्या गोष्टी नेटवर येतच नाहीत, त्याही सांगायला हव्यात. प्रदर्शनांच्या छोट्या सूचिपुस्तिका, दुसऱ्या संग्रहालयांकडून आलेली वार्षिकं, गौरवग्रंथांतले लेख, परिषदांचे निबंध, कुणा शिक्षकाने पदरचे पैसे घालून छापलेली गावची माहिती. शे-दोनशे प्रतींत निघालेलं हे साहित्य संग्रहालयांकडे भेट म्हणून येतं आणि टिकून राहतं. कपाटात ते कुठे आहे हे सूचीपेक्षा ग्रंथपालांना जास्त ठाऊक असतं. म्हणून मी आधी त्यांच्याशी बोलतो. ‘इतिहासावर काय आहे?’ असं विचारलं तर ते तरी काय देणार? ‘खानापूर तालुक्यातल्या कदंबकाळच्या देवळांवर, १९५० आधीचं’ असं विचारलं की ते उठून चालायला लागतात.

चित्रांबद्दलही विचारणा होते. चिकोडी-निपाणीकडच्या जुन्या वाड्यांत रवि वर्म्याची लक्ष्मी-सरस्वती चौकटीत असते, आणि हे मूळ चित्र आहे का, असं घरातल्या आजी फार आशेने विचारतात. रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून ही छापील चित्रं घराघरांत पोचली. संग्रहालयांच्या सूचीत मूळ तैलचित्राची मापं दिलेली असतात. ती आणि भिंतीवरच्या चित्राची मापं शेजारी ठेवली, खालच्या कडेला छापखान्याचं नाव दिसतं का ते पाहिलं, की उत्तर मिळतं. आजींना मी सांगतो की छापील असलं तरी ते जपून ठेवा, ओल लागू देऊ नका. त्या छापांचाही आता अभ्यास होतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आपल्याकडे पुष्कळजण आधीच निकाल ठरवून ग्रंथालयात जातात. गाव कुणाचं होतं ते सिद्ध करणारी एक ओळ हवी असते, ती सापडली की पुस्तक मिटतात. मी मराठी माणूस आहे आणि भाषेच्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे, पण लेख वाचताना मी तो पूर्ण वाचतो. कन्नड लेख असेल तर एका कन्नड शिक्षक मित्राबरोबर बसून वाचतो, मोडी कागद असेल तर तो माझ्याबरोबर बसतो. अर्धा वाचलेला लेख पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि मग दहा वर्षं खोडून काढता येत नाही.

जायचं ठरवलंत तर आधी धारवाडला जा, तेच जवळ पडतं. निघण्यापूर्वी फोन करून वेळ आणि सुट्ट्या विचारा. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात, कुठे कॉलेजचं वा संस्थेचं पत्र लागतं, कुठे ओळखपत्र पुरतं. पिशवी बाहेर ठेवावी लागते. शाईचं पेन नेऊ नका, शिसपेन्सिल आणि वही न्या. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घडीचे नकाशे उलगडताना ग्रंथपालांना हाक मारा, तो कागद घडीवरच फाटतो. आणि प्रत्येक टिपणाखाली खंड, साल, पान लगेच लिहा.

बरोबर दगडाचे फोटो हवेतच. ते सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काढा, तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात आणि भर दुपारी सपाट दिसणारा लेख उठून येतो. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काही चोळू नका, नुसतं पाणी आणि मऊ कुंचा पुरे. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक आजूबाजूच्या जागेचा, मग ओळीओळींचे. एवढं घेऊन आलात तर धारवाडला मीही बरोबर येईन.