हनुवटीजवळचे हात

व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायच्या, बॉक्सिंगच्या गेममध्ये नवा खेळाडू पहिल्या काही मिनिटांत काय करतो, हे बघणं माझं काम. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी प्लेटेस्ट घेते. आमचा गेम कधीही न पाहिलेल्या माणसाच्या डोक्यावर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर द्यायचे, मनगटाच्या दोऱ्या घट्ट झाल्यात ना ते बघायचं आणि मग गप्प बसायचं. समोरचा अडखळत असतो, उत्तर आपल्या जिभेवर असतं, तरी बोलायचं नाही. गेम विकत घेणाऱ्याच्या घरी त्याच्या शेजारी मी उभी नसणार.

त्या शनिवारी आम्ही ट्युटोरियल तपासत होतो. आतमध्ये एक व्यायामशाळा, समोर प्रशिक्षक, आणि त्याच्या बाजूला सूचनांचा फलक. 'जॅब मारा' (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा), 'हात वर करून अडवा', 'डावीकडे झुका'. प्रत्येक धडा ठरावीक वेळा केला की पुढचा उघडायचा.

सकाळी आलेल्यांपैकी बहुतेकांनी बॉक्सिंग फक्त टीव्हीवर पाहिलेलं. ते सगळे पार झाले, आणि मला तेच खटकत होतं. फलक वाचताना त्यांचे हात खाली लोंबायचे. वाचून झालं की कोपर न हलवता नुसतं मनगट झटकायचे. कंट्रोलरचं टोक झटक्यात पुढे जायचं, गेमला वेग दिसायचा, ठोसा मोजला जायचा. कंट्रोलरला हाताचा वेग कळतो, ठोशामागचं अंगाचं वजन कळत नाही. धडा 'शाब्बास' म्हणून पुढे सरकायचा, आणि पहिल्याच खऱ्या लढतीत हीच माणसं गोंधळून मागे सरायची. बँकेत नोकरी करणारे एक काका सगळे धडे पुरे करून पहिल्या फेरीत हरले. हेडसेट काढून म्हणाले, "आता वय झालं हो." वयाचा काही संबंध नव्हता. त्यांना अंतराचा अंदाज येत नव्हता. हेडसेटमधून पाहताना समोरची वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते, यावर बरंच संशोधन झालेलं आहे. काकांचा प्रत्येक ठोसा वीतभर आधीच संपत होता, आणि आमच्या धड्यात अंतराबद्दल चकार शब्द नव्हता.

दुपारी एक मुलगी आली. कॉलेजात शिकणारी, शाळेपासून बॉक्सिंग करणारी, राज्य पातळीवर खेळलेली. व्हीआर पहिल्यांदाच. ती आत गेली, प्रशिक्षकाकडे पाहिलं आणि फलकाकडे न बघता दोन्ही हात पुढे करून त्याच्या ग्लोव्हजना आपले ग्लोव्हज टेकवले. रिंगणात लढतीआधी करतात तसं. प्रशिक्षक ढिम्म. वर फलकावर उमटलं: 'आणखी जोरात मारा.'

ती क्षणभर थांबली. मग तिने जॅब मारला. स्वच्छ, सरळ, आणि लगेच हात परत हनुवटीशी. जॅबचा धडा झटकन संपला.

अडवण्याचा धडा आला. तिने गार्ड घेतला: मुठी हनुवटीच्या दोन्ही बाजूंना, कोपरं बरगड्यांना लागून. कुठल्याही कोचने मान डोलवावी असा गार्ड. फलक म्हणाला, 'हात वर करा.' तिने मुठी जरा वर घेतल्या. 'हात वर करा.' तिने त्या गालांना आणखी चिकटवल्या. कंट्रोलर हेडसेटच्या कडेवर खटकन आपटला. संगणकाच्या पडद्यावर मला तिच्या डोळ्यांपुढचं दृश्य दिसत होतं: तिचा उजवा ग्लोव्ह हवेत तरंगत बाजूला निघाला होता आणि डावा दिसतच नव्हता. प्रशिक्षकाचा ठोसा थेट तोंडावर बसला. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

तिने हेडसेट कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "ताई, माझा गार्ड चुकतोय का?"

तेव्हा मी नियम मोडला. म्हटलं, "नाही गं. तुझा गार्ड बरोबर आहे. आमचा धडा चुकतोय."

या हेडसेटना हात कुठे आहेत ते त्यांच्यावरच बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे कळतं. कंट्रोलरवरचे बारीक इन्फ्रारेड दिवे कॅमेऱ्यांना दिसले पाहिजेत. मूठ चेहऱ्याला अगदी चिकटली, किंवा एका हाताआड दुसरा गेला, की दिवे झाकले जातात. मग कंट्रोलरमधल्या संवेदकांवर काम चालतं. हात कसा वळलेला आहे हे त्यांच्याकडून बऱ्यापैकी कळत राहतं, पण तो नेमका कुठे आहे याचा अंदाज काही क्षणांतच भरकटतो. थोडक्यात, बॉक्सिंगमध्ये हात जिथे असायला हवेत तिथेच आमचा गेम आंधळा होत होता. सकाळच्या कुणालाच हे जाणवलं नव्हतं, कारण त्यांनी हात फूटभर पुढे धरले होते. धडा त्यांना पास करत होता आणि हिला नापास.

मला सगळ्यात जास्त लागलं ते तिचा प्रश्न ऐकून. इतकी वर्षं घाम गाळलेली मुलगी एका फलकाच्या सांगण्यावरून स्वतःच्या हातांवर शंका घेते, तर ज्याला काहीच येत नाही त्याचं काय होत असेल? नवा खेळाडू गेमला दोष देत नाही. 'आपल्याला जमत नाही' म्हणतो आणि हेडसेट कपाटात ठेवून देतो. ट्युटोरियल हा गेमचा सगळ्यात जबाबदारीचा भाग आहे असं मी म्हणते ते यासाठी. तो शेवटच्या महिन्यात उरकायचा नसतो.

प्रोग्रामर शेजारच्या खोलीतच होता. मी त्याला बोलावलं, मुलीला जरा थांबायची विनंती केली. तिने त्याला गार्ड करून दाखवला, तो पडद्यावर आकडे बघत बसला. तासाभरात त्याने कामचलाऊ तोड काढली: मूठ चेहऱ्याच्या दिशेने जाताना दिसेनाशी झाली आणि तिची ठेवण उभी असली, तर तो गार्डच समजायचा, आणि कॅमेऱ्याला हात पुन्हा दिसेपर्यंत ग्लोव्ह हनुवटीशी रोखून धरायचा. 'हात वर करा' ही सूचना काढलीच. आता प्रशिक्षक आधी अगदी सावकाश ठोसा टाकतो आणि तो ग्लोव्हवर बसला की कंट्रोलर थरथरतो. अडवलं गेलं हे खेळाडूच्या हाताला कळतं, वाचावं लागत नाही.

पण माझ्या मते खरी मोलाची गोष्ट तिने सुरुवातीलाच दिली होती. नंतर आम्ही पहिला धडाच ग्लोव्हज टेकवण्याचा केला. प्रशिक्षक एक पाऊल पुढे येतो, हात लांब करतो आणि थांबतो. समोर कुणी हात पुढे केला की कोणीही आपोआप हात पुढे करतो. त्याला फलक लागत नाही. त्या एका कृतीत खेळाडूच्या हाताची लांबी आम्हाला मिळते, आणि प्रतिस्पर्धी किती जवळ आला की आपला ठोसा पोचतो हे त्याला मिळतं. काका नेमके याच अंतरावर चुकत होते. मनगट झटकणाऱ्यांसाठीही बदल केला: हात त्या मोजलेल्या लांबीच्या जवळपास गेला तरच ठोसा धरायचा. धडे मोजून पुढे सरकवणं बंद झालं.

त्या दिवशी मात्र फक्त गार्डचीच दुरुस्ती झाली होती. मुलीने पुन्हा हेडसेट घातला. प्रशिक्षकाचे ठोसे एकामागून एक ग्लोव्हजवर घेतले, तिसऱ्यानंतर स्वतःहून उलटा जॅब दिला, आणि पुढच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्या फेरीत आडवा केला. घामाने भिजलेला हेडसेट माझ्या हातात देत म्हणाली, "आता मस्त आहे ताई. पण तुमच्या त्या सरांची मागची टाच जमिनीला टेकलेली आहे. असं उभं राहिलं तर आमचे कोच ओरडतात."

आमचा अ‍ॅनिमेटर घरी निघाला होता. त्याने बॅग खाली ठेवली, मोबाइल काढला आणि तिला म्हणाला, "जरा उभी राहून दाखव. बाजूने पण घेतो."