तुम्ही विचारलंत म्हणून: एजन्सी अजून का चालवतो

लग्नात पंगतीला, बँकेत, कुठेही भेटलात की तुमचा एकच प्रश्न असतो. "सगळा विमा आता मोबाइलवर मिळतो, मग मेन रोडवरची ती जुनी एजन्सी कशाला चालवता? आजोबांच्या नावासाठी?" विचारणाऱ्याला उत्तर दोन वाक्यांत हवं असतं आणि ते तेवढ्यात बसत नाही, म्हणून मी आजवर हसून वेळ मारून नेली.

आजोबांचं आधी सांगतो. ते १९५६ च्या आधीपासून आयुर्विम्याचे एजंट. त्या वर्षी १९ जानेवारीला आयुर्विमा ताब्यात घेण्याचा सरकारचा अध्यादेश निघाला, १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली आणि २४५ कंपन्या नि प्रॉव्हिडंट सोसायट्या तिच्यात गेल्या. आजोबांची कंपनीही गेली. नाशिकात पंचवटीपासून देवळालीपर्यंत घरोघरी जाऊन "तुमचा विम्याचा बॉण्ड बुडालेला नाही" असं ते सांगत फिरले. आमच्या घरात ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. मलाही अभिमान आहे, पण बॉण्ड कायद्यानेच सुरक्षित होते, आजोबा गेले नसते तरी ते राहिलेच असते. तेव्हा नावासाठी मी रोज शटर उघडत नाही.

कमिशनसाठी उघडतो का? हो, त्यावर आमचं घर चालतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण "पहिल्या हप्त्यातलं थोडं परत द्या ना" असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार कमिशनमधून सूट द्यायला बंदी आहे आणि ती घ्यायलाही. आम्ही 'नाही' म्हणतो तेव्हा चिकटपणा करत नसतो.

आता खरं कारण. २००८ च्या सप्टेंबरात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला. नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं. आमचे एक जुने ग्राहक तिथे जवळच कापडाचं दुकान चालवत. त्यांच्या वडिलांचा पहिला विमा आमच्या आजोबांनी उतरवला होता, मी त्यांना काका म्हणायचो. दसरा-दिवाळीचा माल नुकताच भरला होता. पाणी ओसरल्यावर माझे वडील आणि मी गेलो, तर खालच्या तीन फळ्यांवरच्या साड्यांच्या घड्या गाळाने एकमेकींना चिकटून विटांसारख्या झाल्या होत्या. वरची घडी उचलली की खालची तिच्याबरोबर यायची. एका कोपऱ्यात फॉल-पिकोला आलेल्या गिऱ्हाइकांच्या साड्यांचं गाठोडं होतं. तो माल दुकानाचा नव्हे, आणि पॉलिसीत तसा वेगळा लिहून घेतलेला नसेल तर त्याची भरपाई मिळत नाही. काकूंना हे मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, गाठोडं सोडून एकेक साडी वेगळी करत राहिल्या.

पॉलिसी होती १२ लाखांची. माल निघाला २० लाखांचा, नुकसान ८ लाखांचं. काकांना वाटलं, १२ ची पॉलिसी आहे म्हणजे ८ पूर्ण मिळतील. तसं होत नाही. विमा मालाच्या साठ टक्केच असेल तर नुकसानही साठ टक्केच भरून मिळतं. म्हणजे ४ लाख ८० हजार, त्यातून वजावट, म्हणजे ग्राहकाने स्वतः सोसायचा भाग, वेगळी. वडील दरवर्षी सणाच्या आधी पत्र पाठवून सांगत, माल वाढला की रक्कम वाढवून घ्या. काका म्हणायचे, "गंगेला पूर काय रोज येतो?"

दुसऱ्या आठवड्यात ते ऑफिसात आले. मालावरच्या कर्जापोटी बँकेला दर महिन्याला मालाचा हिशेब द्यावा लागतो, त्यात २० लाखांचा आकडा गेलेला होता. त्यांचं म्हणणं, तो कागद नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरला दाखवायचा नाही, माल १२ लाखांचाच होता असं सांगायचं, खरेदीची काही बिलं पुरात गेली म्हणायचं. "तुमच्या आजोबांच्या शब्दावर पॉलिसी घेतली, आता तुम्ही माझ्या शब्दाला उभे राहा."

वडिलांच्या हातात त्या वर्षीच्या पत्राची स्थळप्रत होती. त्यांनी ती काकांसमोर ठेवली नाही, ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणाले, "खोटं लिहून देणार नाही. बाकी सगळं मी करतो." आणि केलं. रात्री जागून ट्रान्सपोर्टच्या पावत्या लावल्या, खराब मालाची यादी केली, सर्व्हेअरबरोबर घडी न् घडी मोजली. चेक आला, कमीच आला. पुढच्या वर्षी काकांनी सगळ्या पॉलिसी दुसरीकडे नेल्या आणि बाजारभर सांगितलं, एजंट कंपनीचा निघाला.

मी तेव्हा वडिलांशी कडाडून भांडलो. ते पत्र दाखवलं असतं तर आपलं नाव तरी वाचलं असतं, असं माझं म्हणणं होतं. आजही एकदा वाटतं, दाखवायला हवं होतं. आणि एकदा वाटतं, ज्याचं दुकान चिखलात आहे त्याच्यापुढे 'मी सांगितलं होतं' असा कागद धरणारा माणूस कोणाला हवा? त्या वेळच्या मला हे पटलं नसतं. आताच्या मलाही ते दर वेळी पटतं असं नाही. वडील गेले, त्यांना विचारायचं राहिलं.

पण मोबाइलवर पॉलिसी घेताना मालाची किंमत तुम्हीच टाकता आणि हप्ता कमी यावा म्हणून ती कमी टाकता. दसऱ्याला माल किती वाढेल हे तुम्हाला कोण विचारतं? मी विचारतो. तुम्ही वैतागता, फोन ठेवता, तरी पुढच्या वर्षी पुन्हा विचारतो. यादीत तेव्हाच्या त्या बाजारातली बरीच दुकानं अजून आहेत. काकांचा मुलगा माझा ग्राहक नाही, तरी ऑगस्टमध्ये त्यालाही मेसेज जातो. त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही.