पांढरा बोळा, पण ओला

रामबागेतल्या काकू ओपीडीत आल्या, पण खुर्चीवर बसेनात. "राहू दे गं सिस्टर, खुर्ची खराब होईल." पाच महिन्यांपूर्वी एका खासगी नर्सिंग होममध्ये त्यांची गर्भपिशवी काढली होती. दहाव्या दिवसापासून लघवी गळायला लागली. तिथले डॉक्टर म्हणाले, वय झालं, स्नायू सैल पडलेत, व्यायाम करा. काकूंनी मग पाणीच तोडलं. अशा बहुतेक बायका हेच करतात. त्यानं गळणं थांबत नाही, लघवी मात्र दाट होते आणि मांड्या सोलवटून निघतात.

पूर्वी आमच्या वॉर्डात फिस्टुला (लघवीच्या मार्गातून योनीत पडलेलं भोक) म्हणजे मध्य प्रदेशातल्या झाबुआ-आलीराजपूरकडच्या पोरी. दोन-दोन दिवस अडलेलं बाळंतपण, बाळाचं डोकं आणि आईच्या ओटीपोटाचं पुढचं हाड यांच्यात चेंगरून मूत्राशयाची भिंत मरायची, आठवड्याभरात भोक. आता मला जास्त दिसतात त्या ऑपरेशननंतरच्या.

रेसिडेंट डॉक्टरांनी तीन बोळ्यांची तपासणी लावली. योनीत एकावर एक तीन बोळे ठेवायचे, कॅथेटरनं (लघवीच्या जागी घालायच्या नळीनं) मूत्राशयात मिथिलीन ब्लूचं निळं पाणी भरायचं, बाईला थोडं चालवायचं, मग बोळे काढून बघायचे. वरचा किंवा मधला निळा झाला तर भोक मूत्राशयाला. काकूंचे तिन्ही पांढरे. "निगेटिव्ह," म्हणत साहेबांनी हातमोजे काढलेसुद्धा. पोरगा हुशार आहे, पण या मुलांना रंग दिसतो, ओल दिसत नाही.

मी वरचा बोळा चिमट्यानं उचलून दाबला. पांढराच, पण निथळत होता. वास लघवीचा. काकूंना विचारलं, "एरवी लघवीला जाता ना?" म्हणाल्या, "जाते की, रोजच्यासारखी." तिथेच उलगडलं. एका बाजूची मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) शाबूत, म्हणून मूत्राशय भरतंय. दुसरीला इजा झालेली, तिची लघवी मूत्राशयात न जाता परस्पर योनीत येतेय. निळं पाणी तिथवर पोचणार कसं?

सीटी स्कॅनमध्ये डावी मूत्रवाहिनी खाली दुखावलेली निघाली, वर किडनी फुगलेली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून कुणी सोनोग्राफीही केली नव्हती. गर्भाशयाच्या धमनीच्या अगदी खालून ती नळी जाते. धमनीला क्लॅम्प (दाबून धरणारा चिमटा) लावण्याआधी ती नळी कुठे आहे हे बघायचं असतं. आणि नजरचूक झालीच, तर बाई गळतंय म्हणते तेव्हा तरी तपासायचं! व्यायाम कसले सांगता?

युरोलॉजिस्टनी नळी नव्यानं मूत्राशयाला जोडली, आत स्टेंट (बारीक आधारनळी) ठेवला. कॅथेटर मी कुणाच्या भरवशावर सोडला नाही. कॅथेटरची नळी मुडपली, मूत्राशय तुंबलं की टाक्यांवर ताण येतो.

मुलगा तक्रार करायची म्हणत होता. काकूंनी त्याला गप्प केलं, "तुझं बाळंतपण त्याच डॉक्टरबाईंनी केलंय रे." मग त्यानं मला विचारलं, सिस्टर, तुम्ही सांगा. मी म्हटलं, डिस्चार्जचे सगळे कागद जपून ठेव. तक्रार कर असं म्हणायला हवं होतं की नको, माझं अजून ठरत नाही. स्टेंट काढायला काकू पुढच्या महिन्यात येतील.